भरतीचं माप

सरूबाईने चहाचा पहिलाच घोट मोरीत थुंकला तेव्हा मी तिच्यावर ओरडले. सासू झाली म्हणून काय झालं, दुसऱ्याने केलेल्या चहाचं सकाळी सकाळी असं करतात का?

"चायमदी मीठ टाकलंस काय गो?" ती म्हणाली.

"नाय टाकला. तुझी जीभ म्हातारी झाली, आये."

मग मी माझ्या कपातला घोट घेतला. चहा खारट होता. कालचाही असणार, आठवड्यापूर्वीचाही असणार, पण रोज थोडी थोडी चढणारी चव कळत नाही. त्यातून आम्ही मासळीवाले. सुकट, बोंबील, खारवलेली सुरमई यांत जन्म गेलेल्या तोंडाला मिठाचं काय कौतुक असणार? मी कप तसाच खाली ठेवला आणि उठले. कारण तो चहा आमच्या गोड्या बावीच्या पाण्याचा होता, आणि त्या बावीचं माप माझ्याकडे होतं.

बाव म्हणजे विहीर. खारदांड्यात समुद्र दाराशी, होड्या अंगणात, आणि तरी आमच्या बावीचं पाणी नारळाच्या पाण्यासारखं, ही आमच्या गावाची ऐट. नळ होता, नाही असं नाही. पण सत्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात नळाला अर्धा तास करंगळीएवढी धार यायची आणि कळशी अर्धी व्हायच्या आत ती दम टाकायची. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला. प्यायला, रांधायला, मासळी धुवायला जे काही होतं ते बावीचंच.

त्याच्या चार वर्षं आधी टँकरवाल्यांनी आमची वाट लावली होती. नव्या इमारती उठत होत्या, हॉटेलं उठत होती, त्यांना पाणी लागायचं. ठेकेदार यायचे, कुठल्या ना कुठल्या बावीत पंप सोडायचे आणि दिवसभर उपसायचे. चुईम गावात उपसलं की आंबेवाडीच्या चाळीतली विहीर खाली जायची, चाळीत उपसलं की मळेवाडीतली. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच असतं, हे कळायला आम्हाला दोन उन्हाळे आणि तीन मारामाऱ्या लागल्या.

ते कळलं पहिलं आंबेवाडीच्या लवूला. लवू मालवणकडचा, गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, आणि हा घरी बसून चौकशा करू लागला. कुणाच्या विहिरीला किती पाणी, कधी उतरलं, सगळं वहीत. मग चारही वस्त्यांत फिरून त्याने सगळ्यांना एका झाडाखाली बसवलं. आमचा दांडा, चुईम, आंबेवाडी आणि मळेवाडी. कोळी, किरिस्तांव, मालवणी आणि भाजीवाले. लग्नाच्या पंगतीत एका रांगेत बसणार नाहीत अशी माणसं पाण्यासाठी एका सतरंजीवर बसली.

ठराव सोपा होता. दर शनिवारी प्रत्येक वस्तीने आपली विहीर मोजायची आणि रविवारी आकडा लवूच्या रजिस्टरात द्यायचा. जिचं पाणी सगळ्यांत कमी, तिला आठवडाभर सुट्टी. तिच्यावर झाकण, झाकणाला कुलूप. तिच्या लोकांनी बाकीच्या विहिरींवर जायचं, आणि जिला सगळ्यांत जास्त पाणी तिने सगळ्यांत जास्त द्यायचं. टँकरला कुणीही पाणी विकायचं नाही. आणि एखाद्या विहिरीचं पाणी एका आठवड्यात हातभरापेक्षा जास्त उतरलं, तर त्या वस्तीने चोरून विकलं असं धरायचं आणि तिला वर्षभर ठरावाबाहेर काढायचं. हे शेवटचं कलम चुईमवाल्यांनी आग्रहाने घातलं. आम्ही म्हटलं घाला, आम्हाला काय भीती?

वॉर्डातल्या साहेबांनाही ते पटलं. ते म्हणाले, चौघांचं रजिस्टर जोवर नीट आहे तोवर मी या भागात टँकरला परवानगी देणार नाही. दरवर्षी मे महिन्यात ते यायचे, रजिस्टर बघायचे आणि पुढच्या वर्षासाठी सही ठोकायचे. त्या वर्षीची सही येत्या रविवारी व्हायची होती.

दांड्याची दोरी मला मिळाली, कारण मी सातवी शिकलेली. जाळ्याची जुनी दोरी, हाताहातावर गाठ, टोकाला जाळ्यातलंच शिसं. शिसं तळाला टेकवायचं, वर ओढायचं, आणि ओल्या गाठी मोजायच्या. दोन वर्षं मी मोजत होते आणि दोन वर्षं आमचाच आकडा सगळ्यांत वर असायचा. एकदाही आमच्या बावीला सुट्टी मिळाली नाही. रविवारी मी "साडेसहा" म्हटलं की मळेवाडीचा कुंडलिक मान हलवायचा, "दांड्याचं पुण्य मोठं." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यासाठी मी रविवारी धुतलेलं लुगडं नेसून जायची. आंबेवाडीच्या बाया हंडे घेऊन आमच्या बावीवर यायच्या तेव्हा मी काठावर उभी राहून त्यांना वाट करून द्यायची, जणू काही पाणी मीच पाडलंय.

खारट चहाचा तो दिवस शनिवारच होता. एरवी शनिवारी मी बावीवर जायची ती बंदरावर जाता जाता. आमच्या बंदरात ओहोटीला चिखल असतो, होडी लागतच नाही. भरती आली की होड्या येतात, आणि होडी आली की बाईमाणसाने टोपली घेऊन हजर पाहिजे. बाव वाटेवर. तेव्हा टोपली काठावर ठेवायची, दोरी सोडायची, गाठी मोजायच्या आणि पुढे पळायचं. घड्याळ होतं घरात, पण त्यात बघून कोळीण कधी घराबाहेर पडली आहे? तिथीची पाऊणपट करायची, भरतीचा वक्त कळतो. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. आमचं जेवण, झोप, बाजार, सगळं त्यावर.

त्या शनिवारी मात्र होडी नव्हती. नवऱ्याने, हरेश्वरने, पावसाळ्याआधी ती वर ओढून रंगवायला घेतली होती. मला बंदरावर जायचं कारण नव्हतं. चहाने जीव उडालेला, म्हणून मी सकाळी आठलाच दोरी घेऊन बावीवर गेले. वैशाख वद्य तृतीया. भरती सव्वादोनची, म्हणजे आठला पुरी ओहोटी.

दोरी वर आली ती साडेचार हात भिजलेली.

मला वाटलं शिसं कपारीत अडकलं. पुन्हा सोडली. साडेचार. दुसऱ्या बाजूने सोडली. साडेचार. मागच्या शनिवारी साडेसहा होतं. मी बावीभोवती चाकांच्या खुणा शोधल्या, पंपाचं तेल सांडलंय का बघितलं. काही नाही. घरी गेले, चूल पेटवली, भात करपवला. दुपारी दोन वाजता परत गेले. साडेसहा.

तिथेच काठावर बसले. कुणी विचारलं, "काय गो, चक्कर आली काय?" मी हो म्हटलं.

चक्करच होती ती. बाव भरती घेत होती. समुद्र चढला की खालून तिचं पाणी चढत होतं, समुद्र उतरला की उतरत होतं, आणि मी दोन वर्षं तिला नेमकी चढलेली असतानाच मोजत होते. चुईमवाले प्रार्थना आटोपून सकाळी मोजायचे, लवू दहाच्या भोंग्याला मोजायचा, त्यांच्या विहिरी तशाही समुद्रापासून लांब. एकटी मी भरतीचं माप देत होते. आमची बाव सगळ्यांत भरलेली नव्हतीच, ती सगळ्यांत रिकामी होती. सुट्टी तिला हवी होती आणि मी तिच्यावर चार वस्त्यांचे हंडे सोडले होते. गोडं पाणी उपसलं गेलं आणि त्या जागी समुद्र आत आला. परक्या माणसाने ही चूक केली नसती. तो घड्याळ बघून आला असता, कधी भरतीला, कधी ओहोटीला, आणि महिन्याभरात त्याला फरक दिसला असता. आम्ही भरतीवर जगणारे, म्हणून आम्हालाच भरती दिसली नाही.

मी घरी जाऊन सरूबाईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "बावीला भरती चरते. माझी सासू सांगायची, भरतीच्या वक्ताला हंडा नाय बुरवाचा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस?" आता तिने वर बघितलं. "तीस वर्सं बाव मी राखली. झाकन कोन घालायचा, गाल कोन काढायचा? मी. मंग दोरी द्यायची वेल आली तर सगले बोलले, कमळीला द्या, ती शिकलेली हाय. मना कुनी इचारला?"

मला तिचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी तिच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. लसणीची सालं गोळा करून बाहेर टाकली.

हरेश्वर संध्याकाळी हाताला रंग घेऊन आला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तू गप ऱ्हा. पाटलाशी बोलू." मग आम्ही दोघं तुळशीदास पाटलाकडे गेलो. तुळशीदास वाईट माणूस नाही. टँकरच्या पहिल्या मारामारीत त्याचंच डोकं फुटलं होतं.

"उद्या साडेचार बोललीस तर काय व्हईल?" त्याने विचारलं.

"दोन हात उतरलं म्हणतील. दांड्याने पाणी विकलं म्हणतील. वर्षभर बाहेर."

"आनि सगला खरा सांगितलास तर?"

"दोन वर्षांचं रजिस्टर खोटं ठरेल."

"मंग सायब सही करंल? त्याच्या टेबलावर ठेकेदाराचा अर्ज पडलेला हाय. दांडा एकटा नाय बुरनार, चारी गाव बुरतील." त्याने दार लोटून घेतलं. "साडेसहा सांग. पाऊस पडला की बाव आपोआप गोडी व्हईल."

"नाही झाली तर?"

"तुला लय अक्कल. मंग तूच सांग, तिसरी वाट कोनची?"

तिसरी वाट मला सुचत नव्हती. साडेसहा सांगितलं तर लोक उपसत राहणार आणि बाव कायमची मरणार. साडेचार सांगितलं तर गाव चोर. सगळं सांगितलं तर ठराव जाणार आणि सोमवारी पंप येणार. जाळ्यात शिरलेली मासळी पुढे पळते आणि जास्तच अडकते, हे मी रोज बघते. मी रविवारी दुपारपर्यंत घरातल्या घरात फिरत राहिले. सरूबाई माझ्याकडे बघत होती.

बैठक तीनला. चतुर्थीची भरतीही तीनलाच. हे माझ्या डोक्यात आलं ते झाडाखाली पोचल्यावर.

साहेब खुर्चीवर बसले होते, बाकीचे सतरंजीवर. लवूने रजिस्टर उघडलं. मळेवाडी पाच, चुईम पाच, आंबेवाडी पावणेपाच. "म्हणजे सुट्टी आंबेवाडीक," लवू म्हणाला. "दांडा? बोला, कमळवैनी."

तुळशीदास माझ्याकडे बघत होता. हरेश्वर जमिनीकडे बघत होता.

"साडेचार," मी म्हटलं. "ओहोटीला. भरतीला साडेसहा."

मग सगळं सांगून टाकलं. नीट नाही सांगता आलं, मधेच पाऊणपटीचा हिशेब सांगत बसले, मधेच मला राग आला. चुईमचा म्हातारा उठून उभा राहिला. "दोन वर्षं आम्हाला फसवलं काय? का काल टँकर भरला आणि आज भरती-ओहोटी सांगते?" कुंडलिकही काही बोलला, पुण्याबद्दल नक्कीच नाही. साहेबांनी हात वर केला.

"भांडू नका. विहीर इथे जवळच आहे ना? चला, बघूया."

आम्ही सगळे बावीवर गेलो. मी दोरी सोडली. साडेसहा भिजली, वर दोन बोटं जास्तच.

"पाणी तर भरपूर आहे," साहेब म्हणाले.

"आता भरती आहे, साहेब. रात्री नऊला या. नाहीतर उद्या सकाळी."

"बाई, मला आजचाच दिवस आहे. डोळ्यांनी दिसतंय ते मी लिहिणार." आणि त्यांनी रजिस्टर काठावर ठेवून खिशातलं पेन काढलं. दांड्याच्या नावापुढे ते काय लिहिणार ते मला कळत होतं. मुबलक पाणी. सरकारी सहीने. मग आमच्या बावीला सुट्टी कधीच मिळाली नसती, सरूबाई म्हणो की मी म्हणो. खरं बोलून मी तिला जास्तच घट्ट बांधलं होतं.

मी बावीवरचा पत्र्याचा पोहरा आत टाकला. भरून वर काढला आणि साहेबांपुढे धरला. "पिऊन बघा."

ते मागे सरले. "मी उकळलेलंच पितो, बाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

तुळशीदासने माझ्या हातातून पोहरा घेतला. ओंजळीने तीन घोट प्याला. मिशी पुसली. "गोडा हाय," तो म्हणाला. मग दांड्याचे आणखी दोघे प्याले. "गोडा हाय." हरेश्वरने पोहरा घेतला, प्याला आणि काहीच म्हणाला नाही. त्याबद्दल मी आजही त्याला नावं ठेवत नाही. त्याने निदान खोटं सांगितलं नाही.

मी पोहरा लवूला दिला. मला वाटलं, आता झालं. हा गावाचा नाही, याला आमच्या इज्जतीचं काय? लवू प्याला. घोट तोंडात धरून त्याने माझ्याकडे बघितलं, मग तुळशीदासकडे, मग साहेबांच्या हातातल्या पेनकडे.

"बरा आसा पाणी," तो म्हणाला. "पिण्यासारखा आसा."

मी हबकले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

लवूची बायको शेवंती मागे हंडा घेऊन उभी होती. आठवड्याचं पाणी न्यायला आली होती, बैठकीला नाही. ती पुढे आली, नवऱ्याच्या हातातून पोहरा काढून घेतला, आणि प्यालीही नाही.

"खारट आसा," ती म्हणाली. "तीन म्हयने खारट आसा. डाळ शिजणा नाय, दूध नासता."

"तीन महिने?" साहेब म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

शेवंतीने माझ्याकडे बघितलं नाही, बघू शकली नसती. "आमच्या बावीक सुट्टी, म्हणून आमी ह्यांच्याकडे येतव. ही वैनी काठार उभी ऱ्हवता, आमका पयली वाट देता. दुसऱ्यान दिलेल्या पाण्याक नाव कसा ठेवतलव? चाळीत सगळ्यांक ठावक आसा. सगळी गप ऱ्हवली."

मी काठावर उभी राहून वाट द्यायची, मान वर करून. आणि साठ घरं तीन महिने खारट डाळ खाऊन मला बरं वाटू देत होती. तुळशीदासच्या खोट्याने मला राग आला होता. या बाईच्या खऱ्याने मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

साहेबांनी सही केली नाही, फेटाळलंही नाही. चारी विहिरी एक महिना ओहोटीला मोजा, मापापुढे वेळ लिहा, मग बघू, म्हणाले. लवूने रात्रीचा दिवस करून ते केलं. पंचांग शिकला, चारी दोऱ्या एका मापाच्या केल्या. चुईमवाल्यांनी आठ दिवस स्वतः आमच्या बावीवर सकाळ-दुपार माणूस बसवला, आणि नवव्या दिवशी तो म्हातारा मला रस्त्यात थांबवून "बरोबर होतं तुझं," म्हणाला. जूनच्या मध्याला सही झाली. ठराव वाचला. पंप आले नाहीत.

दांड्याची दोरी तुळशीदासच्या सुनेकडे गेली. गावाने मला वाळीत वगैरे टाकलं नाही, आता तसले दिवस नाहीत. पण बाजारात माझ्या टोपलीशेजारची बाई टोपली थोडी सरकवून बसू लागली, आणि "खरं बोलणारी आली" असं कुणीतरी म्हणायचं. सरूबाई मात्र माझ्याशी जास्त बोलू लागली. बावीचं झाकण तिने स्वतःच्या हाताने बसवलं आणि मला कुलूप लावायला दिलं.

पाऊस आला आणि गेला. ऑक्टोबरात झाकण उघडून बघितलं, पाणी खारटच. जानेवारीत बघितलं, तेच. लवू म्हणाला, दोन-तीन पावसाळे लागतील. सरूबाई म्हणाली, तिच्या सासूच्या वेळी कधी असं झालंच नव्हतं, त्यामुळे किती दिवस लागतात ते तिला ठाऊक नाही. ठरावाप्रमाणे दांडा आता जवळच्या आंबेवाडीच्या विहिरीवर जातो. दोनशे घरं.

मीही जाते. ज्या चाळीच्या बाया माझ्यापुढे रांगेत उभ्या राहायच्या, त्यांच्या रांगेत मी उभी राहते. शेवंती काठावर असते. ती मला बघितलं की म्हणते, "ये गो वैनी," आणि बाकीच्यांना बाजूला करून माझा हंडा आधी घेते. मी नको म्हणते, ती ऐकत नाही.

गेल्या मार्चमध्ये एक दिवस तिने असाच माझा हंडा भरला. मला तहान लागली होती, मी ओंजळभर पाणी तिथेच प्याले. दातांत रेती कचकचली. ओंजळीच्या तळाशी तांबूस गाळ उरला. मला लगेच कळलं. विहीर तळाला लागत होती. दोनशे घरं तिच्यावर आली होती आणि आकडा रविवारी काही येवो, ती सुट्टी मागत होती. मी हे बोलले असते तर तिच्यावर झाकण बसलं असतं. मग दांड्याच्या दोनशे घरांनी कुठे जायचं? चुईमला नाहीतर मळेवाडीला, एक कोस उन्हातून? आमची बाव तर बंदच.

"पाणी बरा आसा मा, वैनी?" शेवंतीने विचारलं.

"चांगलं आहे गो," मी म्हटलं.

तिने माझ्या हाताकडे बघितलं. गाळ अजून बोटांना होता, मी तो लुगड्याला पुसला. तिने दोरी पुन्हा खाली सोडली, माझी दुसरी कळशी भरली आणि स्वतः उचलून माझ्या कमरेवर ठेवली. तिने पुन्हा काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.